सुरीचा पैसा कुठं गेला?

सकाळी ६:३०

सप्टेंबर संपत आला की निलंग्यात सगळ्यांच्या तोंडी सोयाबीन असतं. शेंगा वाळल्या, पानं गळाली, पावसानं उघडीप दिली की काढणी. त्याआधीचे आठ-दहा दिवस माझ्या अवजारांच्या दुकानात वर्षातली सगळ्यात मोठी धावपळ असते. पुढच्या फळीवर खुरपी आणि विळे, खाली कोयते आणि कुऱ्हाडी, आणि मागच्या फळीवर सुऱ्या. या सुऱ्या स्वयंपाकघरातल्या नाहीत आणि घडी होणाऱ्याही नाहीत. मुठीत कायमचं घट्ट बसवलेलं पातं, वर म्यान, कमरेला लावून रानात न्यायची.

मेंढ्यांमागं फिरणारा धनगर ती घेतो. ठिबकची नळी कापायला, पोत्याची सुतळी तोडायला, कुंपणाला काटेरी फांद्या छाटायला शेतकरी घेतो. रात्री राखणीला जाणारा घेतो, ऊसतोडीला जाणारी माणसं कोयत्याच्या जोडीला घेतात. गेल्या काही वर्षांत शाळा-कॉलेजातली पोरंही येऊ लागली आहेत. त्यांना शिबिरासाठी, डोंगरावर मुक्कामाला न्यायची सुरी हवी असते. किंमत दीडशेपासून चारशेपर्यंत. त्यापुढं कुणी जात नाही.

दोनशे रुपयांच्या सुरीत सगळंच उत्तम मिळणार नाही, हे घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं दोघांनीही धरून चालावं. माझा प्रश्न वेगळा असतो. बनवणाऱ्यानं ते दोनशे रुपये कशावर खर्च केले? पोलादावर, पाणी देण्यावर (म्हणजे पातं तापवून विझवण्यावर) आणि मुठीवर, की चकाकीवर, खोक्यावर आणि पात्यावरच्या अक्षरांवर? स्वस्त सुरीची सगळी पारख या एका प्रश्नात मावते. आज दिवसभर मला तेच करायचं आहे. काल रात्री ट्रान्सपोर्टनं लातूरहून दोन खोकी आली आहेत, आणि गावाबाहेरच्या भट्टीवरही माल तयार होतो आहे. यातलं काय फळीवर लावायचं आणि काय परत पाठवायचं, ते संध्याकाळपर्यंत ठरवायचं आहे.

सकाळी ७:३०

दुकानात दिवा लावायच्या आधी खोकी दारात आणून फोडतो. सुरी बघायला सकाळचं उन्हच हवं. ट्यूबलाइटखाली सगळीच पाती चांगली दिसतात.

आधी सुरी डोळ्यासमोर आडवी धरायची आणि मुठीकडून टोकाकडं पाठीवरून नजर टाकायची. पातं वाकडं असेल किंवा पिळलेलं असेल तर ते इथंच कळतं. पातं तापवून एकदम थंड केलं की ते वाकण्याचा धोका असतो. काळजीनं काम करणारा कारागीर ते सरळ करतो, घाई करणारा तसंच मूठ बसवून मोकळा होतो. मग सुरी उलटी करायची, धार आभाळाकडं. लागलेली धार उजेड परतवत नाही. ती दिसतच नाही. जिथं पांढरा ठिपका किंवा रेघ चमकते, तिथं धार बोथट आहे किंवा मोडली आहे. मग दोन्ही अंगांचा उतार बघायचा. एका अंगाला रुंद आणि दुसऱ्या अंगाला अरुंद उतार पडला असेल तर मशीनवर धरणाऱ्याचा हात घाईत होता.

धारेच्या मागची जाडी बघायला मात्र बरेच जण विसरतात. पाठीची जाडी तीन मिलिमीटर असली तरी हरकत नाही, पण ती धारेकडं येताना पातळ होत आली पाहिजे. पातं शेवटपर्यंत जाडच ठेवून अगदी कडेला तेवढी धार काढलेली सुरी हाताला भारदस्त लागते आणि कांदासुद्धा नीट कापत नाही, फोडते. उतार घासायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे पडतात. तो वेळ वाचवलेला असतो.

आजच्या पहिल्या खोक्यातल्या सुऱ्यांवर लाटांसारखी नक्षी आहे आणि ‘दमास्कस’ असं छापलंय. दोन जातींची पोलादं एकावर एक जोडून, घडी घालून, पुन्हा ठोकून केलेल्या पात्यात ती नक्षी अंगातच असते, म्हणून ती पाठीच्या कडेवरही उतरलेली दिसते. या सुऱ्यांची पाठ कोरी आहे. नक्षी वरून उठवलेली आहे. दुसऱ्या खोक्यावर ‘सर्जिकल स्टील’ असं लिहिलंय. या नावाची पोलादाची कुठलीही एक ठरलेली जात नाही, त्यामुळं त्या दोन शब्दांनी काहीच सांगितलं जात नाही. छापलेलं वाचून झालं की बाजूला ठेवायचं. पुढचं पात्यालाच विचारायचं.

सकाळी ८:३०

कोपऱ्यावरच्या गाड्यावर निलंगा राईसची गरम प्लेट खाऊन परत येतो आणि गल्ल्याच्या खणातून दोन वस्तू काढतो: जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक आणि बारीक दाताची कानस. पारखीसाठी याहून महागडं काही लागत नाही.

चुंबक आधी. साधं लोखंड आणि कडक होणारं पोलाद दोन्ही चुंबकाला चिकटतात, त्यामुळं चुंबक चिकटलं म्हणून सुरी चांगली ठरत नाही. पण चिकटलंच नाही, तर मात्र निकाल लागतो. ज्या स्टेनलेसची ताटं-वाट्या होतात त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते गंजत नाही, चकाकतं, चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही आणि तापवून विझवलं तरी कडक होत नाही. त्याची धार चार दिवसांत बसते. सुरीसाठीचं स्वस्त स्टेनलेस वेगळं: त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम असतं, निकेल जवळपास नसतं, ते चुंबकाला चिकटतं आणि नीट पाणी दिलं तर कामापुरतं कडक होतं.

मग कानस. लोखंडाचं पोलाद होतं ते त्यातल्या कार्बनमुळं. खिडकीच्या गजाच्या किंवा बाजारातल्या पट्टीच्या लोखंडात तो ०.२ टक्क्याच्या आसपास असतो. एवढ्या कार्बनचं पातं लालभडक करून पाण्यात बुडवलं तरी धारेच्या उपयोगाचं कडक होत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो, आणि तेवढ्या फरकानं सगळं बदलतं. चांगली कानस साधारण ६० रॉकवेलच्या वर कडक असते. कामाची सुरी ५४ ते ५८ च्या दरम्यान असावी. म्हणून धारेजवळ कानस हलक्या हातानं ओढायची. ती घसरत गेली, किंचितच चावली, तर पातं कडक आहे. मऊ पात्यात तिचे दात रुततात, करकर आवाज येतो आणि खाली चमकदार भुकटी पडते.

‘दमास्कस’ छापलेल्या सुऱ्यांत कानस सगळीकडं रुतली. धारेलाही आणि पाठीलाही. दुसऱ्या खोक्यातली पाती चुंबकाला चिकटली, धारेवर कानस बऱ्यापैकी घसरली. त्यांची मूठ अजून बघायची आहे.

सकाळी १०:००

काढणीचं गुत्तं घेतलेल्या बायकांची टोळी आली. त्यांतल्या वयानं मोठ्या मावशींनी विळे मागितले. मी सहा समोर ठेवले. पुढची पाच मिनिटं मी गप्प उभा राहून बघत होतो, कारण अशा वेळी बोलण्यापेक्षा बघण्यात जास्त शिकायला मिळतं.

त्यांनी एक विळा मुठीला सैल धरून दुसऱ्याच्या पाठीनं त्यावर टिचकी मारल्यासारखा ठोका दिला. ठण्ण करून वाजला, आवाज लांबला. तो उजवीकडं. पुढच्याचा आवाज लगेच मेला.

“ह्यो बोदा वाजायलाय, भाऊ. कुटं तरी चीर हाय नाहीतर मूठ हालायलीय.”

बघितलं तर मुठीच्या तोंडाशी खरंच फट होती. मग त्यांनी अंगठ्याच्या नखावर धार टेकवली, दाबली नाही. नखावर रुतून बसते ती धार, घसरते ती बोथट. मग मूठ पकडून मनगट फिरवलं, करंगळीखाली कड टोचते का ते पाहिलं. शेवटी एकच प्रश्न विचारला.

“पाणी कुनाचं हाय?”

कारखान्याचं नाव नाही विचारलं, किंमत नाही विचारली. पात्याला पाणी कुणी दिलं ते विचारलं. मी भट्टीवरच्या मामांचं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि पाच विळे बाजूला काढले. मी म्हणालो, “मावशी, ते दातेरी घ्या की, वीस रुपयांनी स्वस्त आहेत.”

“स्वस्त कशानं? दात गेले की फेकूनच द्यायचं. आन् दिवसातनं चार येळा धार लावत बसलं तर गुत्तं कवा उरकावं? इळा इकणाऱ्याचा पैसा वाचतो, मजुरी आमची बुडती.”

हाच हिशेब मला मोलाचा वाटतो. एकरावर ठरलेली मजुरी तेवढीच मिळते. बोथट हत्यारानं वेळ जास्त जातो, मनगट दुखतं आणि एका दिवसाचं काम दीड दिवसावर जातं. वाईट पात्याची किंमत दुकानात कळत नाही, ती रानात वसूल होते. ती भरणारा माणूस बहुतेक वेळा सगळ्यात गरीब असतो. म्हणून स्वस्त अवजार पारखून विकणं हे दुकानदाराचं कर्तव्यच आहे असं मी मानतो.

दुपारी १२:००

शाळेतले स्काऊटचे सर आले. दिवाळीनंतर पोरांना उदगीरजवळच्या हत्तीबेटावर शिबिराला न्यायचंय. मोठ्या पोरांच्या प्रत्येक गटामागं एक सुरी हवी, आणि खर्चाला पैसे मोजकेच. त्यांच्या मोबाइलवर एक फोटो होता: काळं पातं, पाठीला करवतीचे दात, मूठ पोकळ, मुठीच्या झाकणात होकायंत्र आणि आत काड्या-दोरा.

“भाऊ, एकात सगळं येतंय. किंमतही बसतेय. ही मागवता येईल का?”

“सर, मागवता येईल. पण हिच्यात पातं मुठीला कशानं धरलंय ते आधी बघू.”

तशीच एक सुरी गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं तुटलेली आणून दिली होती, ती मी जपून ठेवली आहे. पोकळ मुठीत पात्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा गेलेला, वरून एक नट आवळलेला. काटक्या फोडताना सगळा जोर नेमका तिथंच पडतो, आणि तिथंच ती मोडली. पाठीवरच्या करवतीचे दात एका ओळीत सरळ उभे आहेत. खऱ्या करवतीचे दात आलटून पालटून दोन बाजूंना वळवलेले असतात, म्हणून तिला लाकडात मोकळी वाट मिळते. सरळ दातांची करवत दोन ओढीत अडकते. त्यात ते दात असले की पाठीवर अंगठा टेकवता येत नाही आणि लाकडानं ठोका देता येत नाही. होकायंत्र, करवत, काड्या या सगळ्यांचा पैसा पात्यातून आणि जोडातून कापलेला आहे.

मग मी त्यांना सकाळच्या दुसऱ्या खोक्यातली सुरी दाखवली. तिचं पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलंय, दोन्ही अंगांना लाकडी फळ्या आणि तीन रिबिटा. मुठीची कड बघितली की पोलादाची पट्टी मधून आरपार गेलेली दिसते. ओल्या हातानं पकडली तरी बोटं पात्यावर सरकू नयेत म्हणून पुढं छोटा उंचवटा आहे. एक रिबीट किंचित वर आली होती. ती हातोडीनं बसेल आणि कानसेनं सपाट होईल.

पातं शेवटापर्यंत गेलेलंच हवं, हा मात्र अटळ नियम समजू नये. स्वीडनमध्ये दालार्ना प्रांतात मोरा नावाचं गाव आहे. तिथल्या सुऱ्या जगभर स्वस्त आणि चांगल्या म्हणून मानल्या जातात. तिथला फ्रोस्ट यांचा कारखाना १८९१ साली सुरू झाला. त्यांच्या साध्या सुरीला प्लास्टिकची मूठ आणि दोन-अडीच मिलिमीटर जाडीचं पातं असतं, आणि पातं मुठीत पूर्ण लांबीनं जातही नाही. तरी ती वर्षानुवर्षं चालते, कारण पोलाद चांगलं, पाणी नेमकं, उतार सरळ आणि मूठ पात्याभोवती घट्ट ओतलेली. खर्च सगळा कामाच्या जागी केलेला. ती सुरी कापण्यासाठी आहे, फोडण्यासाठी नाही, आणि ती तसा आवही आणत नाही.

सरांनी लांबीचं विचारलं. शिबिराला चार इंचांचं पातं भरपूर झालं. लांब पात्याचं आणखी एक बघावं लागतं: १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात, घरगुती, शेतीच्या आणि कारखान्याच्या कामाच्या तेवढ्या वगळल्या आहेत. पोरांच्या हाती द्यायची तर लहान, साधी आणि म्यानात घट्ट बसणारी. म्यान उलटं करून झटकलं तर सुरी पडता कामा नये. सरांनी स्वतः ते करून पाहिलं आणि मगच पाच सुऱ्या सांगून ठेवल्या.

दुपारी २:३०

जेवण करून भट्टीवर. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला घिसाडी कुटुंबाचं पाल आहे. जमिनीत रोवलेली ऐरण, शेजारी कोळशाची भट्टी, हातानं फिरवायचा पंखा. मामा सांडशीत पातं धरतात आणि लहान हातोडीनं जागा दाखवतात; मामी उभ्या राहून दोन्ही हातांनी घण घालतात. हातोडीचा हलका ठोका आणि लगेच घणाचा जड ठोका, अशी ती लय चालते. घिसाड्यांच्या भट्टीवर घण बाईच्या हातात असतो. आपण वापरतो त्या विळ्या-कोयत्यांच्या धारेत त्या हातांचे कष्ट किती आहेत, हे इथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

ट्रकच्या कमानीचा मोडलेला पाटा भंगारातून येतो. वर्षानुवर्षं ओझं झेलून पुन्हा सरळ होण्यासाठीच ते पोलाद बनवलेलं असतं, म्हणून सुरीला आणि कोयत्याला ते चालतं. मामा प्रत्येक पाटा आधी ग्राइंडरवर टेकवून ठिणगी बघतात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. कार्बन असलेल्या पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुटतात, त्यांना फाटे येतात. आज एक पाटा त्यांनी बाजूला टाकला, कारण पुसल्यावर त्यात केसाएवढी चीर दिसली.

“ट्रकखाली मोडलेलं असतंय हे. चीर असली तर पान्यात घालताच फाटतंय बगा.”

घडाई झाली, आता पाणी. इथंच सुरी बनते किंवा बिघडते. मामा पातं सावलीत धरून रंग बघतात, म्हणून भट्टीवर ताडपत्रीची सावली केलेली आहे. उन्हात रंग फसवतो. लोखंड साधारण ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटायचं सोडतं, आणि पोलाद विझवायचं तापमान त्याच्या थोडं वर, आठशेच्या पुढं असतं. मामांना हे आकडे लागत नाहीत. पिकल्या टोमॅटोचा रंग आला की ते पातं बाहेर काढतात. मी एकदा चुंबक नेऊन पाहिलं होतं, त्यांच्या रंगाला चुंबक चिकटलं नाही. त्याहून जास्त तापलं तर आतला कण मोठा होतो आणि पातं ठिसूळ पडतं. असं जळलेलं पातं मोडून बघितलं तर तुटलेल्या जागी जाडे चमकदार दाणे दिसतात. नीट झालेल्या पात्याची मोड राखाडी आणि मऊसूत दिसते.

सगळं पातं ते बुडवत नाहीत. धारेची बाजू तेवढी पाण्यात, पाठ वर. त्यामुळं धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. नुसतं विझवलेलं पातं फार कडक आणि मोडकं असतं, म्हणून धार पाण्यातून काढून विटेच्या तुकड्यानं घासून उजळ करतात आणि थांबतात. पाठीत उरलेली ऊब हळूहळू धारेकडं उतरते आणि उजळ जागेवर रंग चालत येतो: आधी वाळल्या कडब्यासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा म्हणजे तीनशेच्या जवळ. सुरीला पिवळ्या-तपकिरीच्या मधे थांबवायचं, कोयत्याला आणखी जरा पुढं जाऊ द्यायचं, कारण त्याला घाव सोसायचे असतात. हा रंग क्षणभर टिकतो. तेवढ्यात मामा ठरवतात आणि पातं पुन्हा पाण्यात जातं.

दख्खनच्या पोलादाची कहाणी याच मातीतली आहे. निलंगा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होतं, त्याच संस्थानात आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे गाव होतं. तिथं मातीच्या बंद मुशींत लोखंड वितळवून पोलादाच्या वड्या करत आणि त्या घ्यायला इराणपासून व्यापारी येत. युरोपात या पोलादाला ‘वूट्झ’ म्हणत. १८२०च्या सुमारास लंडनमध्ये मायकेल फॅरेडे सुऱ्या बनवणाऱ्या जेम्स स्टोडार्टसोबत त्याचं गुपित शोधत प्रयोग करत होता. दमास्कसच्या नावानं जगभर गाजलेल्या तलवारींच्या पात्यांना दख्खनचं पोलाद जात असे. त्यांच्यावरची नक्षी मुशीत थंड होणाऱ्या पोलादातूनच आलेली होती. ज्या भागानं जगाला ते पोलाद दिलं, त्याच भागातल्या दुकानात वरून उठवलेली नक्षी दमास्कस म्हणून विकायची, हे मला पटत नाही.

दुपारी ४:३०

भट्टीवरच्या दोन सुऱ्या आणि खोक्यातली एक घेऊन दुकानामागच्या मोकळ्या जागेत येतो. आता पात्याला काम द्यायचं. सुरी मोडून बघण्याचा हट्ट मी धरत नाही. तिच्याकडून जे काम घेतलं जाणार आहे तेच करून बघतो.

आधी सुतळी. ताणून धरलेली सुतळी एका ओढीत तुटली पाहिजे. मग पुठ्ठा, कारण तो धार फार लवकर खातो. लांबच लांब पट्ट्या कापत जायचं आणि मग पुन्हा सुतळीवर यायचं. पहिली धार कोणीही लावून देईल, कापून झाल्यावर किती उरली ते महत्त्वाचं. त्यानंतर तुराटी तिरकी छाटायची, बाभळीच्या वाळल्या फांदीत खाच पाडायची आणि धार परत उन्हात धरायची. कुठं चमक दिसली तर ती बोटानं चाचपायची, पण पात्याच्या आडवं, धारेवरून कधीच नाही. धार एका बाजूला दुमडली असेल तर पोलाद मऊ आहे. बारीक तुकडे उडाले असतील तर पाणी जास्त झालंय.

शेवटी पितळेची काडी. पाटावर काडी ठेवून तिच्यावर धार तिरकी टेकवायची आणि बेतानं दाबायची. धारेची कड किंचित वाकताना डोळ्याला दिसते. हात उचलल्यावर ती पुन्हा सरळ झाली तर पाणी नेमकं बसलंय. वाकलेली राहिली तर मऊ, तुटली तर ठिसूळ. कारागिरांची ही जुनी रीत आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

मामांच्या दोन्ही सुऱ्या परत सरळ झाल्या. त्यांच्या पात्यांवर हातोडीच्या खुणा आहेत, मूठ बाभळीची, साधी. खोक्यातली सुरी पुठ्ठ्यानंतर जरा लवकर बसली, पण दुमडली नाही. ती गंजणार नाही, आणि दगडावर दोन मिनिटांत परत उभी राहील. दोन्हींचं काम वेगळं आहे, दोन्ही आपापल्या किमतीला खऱ्या आहेत.

संध्याकाळी ६:३०

रानातून परतलेली माणसं धार लावायला येतात. ही सेवा मी फुकट देतो, कारण विकलेल्या पात्याची खरी अवस्था याच वेळी कळते.

आज एक तरुण गिऱ्हाईक मामांच्याच सुरीचं निळं पडलेलं पातं घेऊन आला. कुणीतरी कोरड्या ग्राइंडरवर जोरात दाबून धार लावून दिली होती. भट्टीवर मामांनी जो रंग डोळ्यांत तेल घालून थांबवला होता, तो ग्राइंडरनं काही सेकंदांत ओलांडला. तेवढ्या पट्टीचं पाणी गेलं. आता ती पट्टी हातानं घासून काढायची, खाली चांगलं पोलाद लागेपर्यंत. त्याला समोर बसवून मी कुरुंदाचा दगड पाण्यात भिजवला. पातं दगडावर साधारण वीस अंशांवर धरायचं. एका अंगानं घासत राहायचं, दुसऱ्या अंगाला धारेवर बारीक उलटी कड बोटाला लागेपर्यंत. मग अंग बदलायचं. शेवटी हलक्या हातानं आलटून पालटून, आणि चामड्याच्या पट्ट्यावर उलटं ओढून ती कड काढायची. दहा मिनिटांत त्याच्या हाताला जमू लागलं. स्वस्त सुरीवर शिकण्याचा हा मोठा फायदा आहे: पोलाद लवकर घासलं जातं, आणि चुकण्याची भीती वाटत नाही.

त्याला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. कमानीच्या पोलादाला गंज येतो, म्हणून कांदा-लिंबू कापलं की पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. आणि सुरी चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवायची नाही. चामडं ओल धरतं. साठवण बाहेर, म्यान फक्त वाटेवर.

रात्री ८:३०

शटर अर्धं ओढून दिवसाचा निवाडा करतो. ‘दमास्कस’चं खोकं परत जाईल. बिलावर कारण लिहून देतो: चुंबकाला चिकटतं, पण धारेला पाणी नाही, नक्षी वरवरची. नुसतं ‘माल नापसंत’ असं लिहिलं तर पुढच्या वेळी तोच माल येतो. कारण लिहिलं तर व्यापाऱ्यालाही विचारायला जागा मिळते. दुसऱ्या खोक्यातल्या सुऱ्यांच्या सैल रिबिटा उद्या सकाळी बसवून त्या सरांसाठी आणि कॉलेजच्या पोरांसाठी पुढच्या फळीवर लागतील, पात्यावरचा ‘सर्जिकल’चा शिक्का न वाचता. मामांच्या सुऱ्या धनगरांसाठी आणि रानातल्या माणसांसाठी. त्यांच्या दरात मात्र मी घासाघीस केली नाही. आज भट्टीवर जे बघितलं, त्याच्यापुढं दहा-वीस रुपयांची ओढाताण करायला तोंड नव्हतं. त्यांच्या मालाचा दर कमी झाला तर मामा पहिल्यांदा तो रंगासाठी थांबण्याचा वेळ कमी करतील, आणि त्या वेळेवरच त्यांची सुरी उभी आहे.

उद्यापासून प्रत्येक सुरीला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधणार आहे. पोलाद कशाचं, पाणी कुणी दिलं, मूठ कशाची, कोणत्या कामाला चालेल आणि कोणत्या कामाला नाही. स्वस्त वस्तू घेणाऱ्यालाही आपला पैसा कुठं गेला हे जाणून घ्यायचा हक्क आहे. महाग सुरी घेणाऱ्याची एक सुरी वाईट निघाली तर तो दुसरी घेईल. ज्याच्या कमरेला वर्षभर एकच सुरी असणार आहे, त्याला ती पारखून द्यायला हवी.